लाकूड धरण्याची रीत : पनवेल व ठाणे खाडीपट्टीतील सुतारकामाच्या इतिहासातील एक प्रश्न

सुतारकामाच्या इतिहासाचा विचार करताना अभ्यासकांचे लक्ष स्वाभाविकपणे कापणाऱ्या हत्यारांकडे जाते. करवत, वाकस, पटाशी, रंधा, सामता यांचे आकार व त्यांचे प्रांतोप्रांतीचे भेद यांवर पुष्कळ लिहिले गेले आहे. परंतु लाकूड कापावयाचे तर आधी ते स्थिर धरावे लागते. हत्यार कितीही धारदार असले तरी त्याखालील लाकूड हलत असेल तर खाच सरळ पडत नाही व सांधा नेटका बसत नाही. म्हणून लाकूड धरण्याची रीत हा कारागिरीच्या इतिहासातील दुय्यम प्रश्न नव्हे. कारागीर बसून काम करतो की उभा राहून, एकटा करतो की साथीदारासह, गावोगाव फिरून करतो की एका छपराखाली राहून, या सर्व गोष्टी त्या रीतीशी निगडित आहेत.

या प्रश्नास आणखी एक बाजू आहे. हिंदुस्थानी सुतार जमिनीवर बसतो व पायाने लाकूड धरतो, हा शेरा अठराव्या-एकोणिसाव्या शतकांतील युरोपीय लेखनात वारंवार आढळतो. कधी त्यात कौतुक असते, बहुधा कीव असते. कामाचे मेज नसणे हे मागासलेपणाचे चिन्ह, असा त्यामागील गृहीत विचार. पुढे औद्योगिक शिक्षणाच्या योजना आखताना हाच विचार आपल्याकडील सुशिक्षितांनीही फारशी चिकित्सा न करता स्वीकारला. तो कितपत टिकतो हे पाहण्यासाठी कामाच्या मेजावरील एका अगदी साध्या साधनाचा, म्हणजे होल्डफास्ट या लोखंडी आकड्याचा, विचार करणे सोयीचे आहे. आणि त्यासाठी आज नवी मुंबईच्या विस्तारात सामावलेला पनवेल-उरण-ठाणे हा खाडीकाठचा प्रदेश हे योग्य क्षेत्र आहे.

साधन व त्याचे तत्त्व

होल्डफास्ट म्हणजे छत्रीच्या मुठीप्रमाणे एका टोकास वाकविलेला लोखंडी गज. मेजाच्या जाड फळीस आरपार गोल भोक पाडलेले असते. गज त्यात सैल बसतो. वाकविलेल्या बाहूचे चपटे टोक लाकडावर टेकवून गजाच्या माथ्यावर मोगरीचा एक ठोका दिला की गज भोकात किंचित तिरपा होतो, भोकाच्या वरच्या व खालच्या कडांत रुतून बसतो आणि लाकूड फळीशी घट्ट दाबले जाते. सोडविण्यासाठी गजाच्या मागील बाजूस एक ठोका पुरतो. मळसूत्र नाही, दांडा नाही, फिरणारा एकही भाग नाही.

या साधेपणामागे निश्चित गणित आहे. बाहूच्या टोकाशी लाकडाची जी उलट दाब-शक्ती निर्माण होते तिच्यामुळे गज उलटू पाहतो. त्यास भोकाच्या दोन कडा विरोध करतात व त्या कडांवरील घर्षण गजास वर सरकू देत नाही. हिशेब केला असता असे दिसते की बाहूची पोच आणि घर्षणांक यांच्या गुणाकाराची दुप्पट ही फळीच्या जाडीहून अधिक असली तरच आकडा धरतो. पोच ६ इंच व घर्षणांक ०.३ मानल्यास फळी ३.६ इंचांहून जाड असता कामा नये. जाडी याहून अधिक असेल तर भोक खालच्या बाजूने मोठे करून घ्यावे लागते, म्हणजे गजास टेकण्याची प्रत्यक्ष उंची कमी होते. उलटपक्षी फळी फारच पातळ असेल तर कडा चेपतात व भोक लवकर झिजते. गज व भोक यांत थोडी मोकळीक हवी. ती मुळीच नसेल तर गज तिरपा होणार नाही. गज फार गुळगुळीत असेल तर कानशीने त्यावर आडवे ओरखडे काढल्यास पकड सुधारते. भोकांच्या जागा ठरवितानाही हेच मोजमाप लागते : शेजारच्या दोन भोकांतील अंतर बाहूच्या पोचेच्या दुपटीहून कमी ठेवले, तर मधली कोणतीही जागा एका ना एका आकड्याच्या टप्प्यात येते. कोकणच्या हवेत पावसाळ्यात लाकूड फुगते व त्याची वाढ तंतूंच्या आडव्या दिशेने अधिक असते. त्यामुळे गोल भोक किंचित लंबगोल होते, हेही ध्यानी ठेवावे लागते.

हे साधन प्राचीन आहे. इ. स. ७९ मध्ये ज्वालामुखीच्या उद्रेकात गाडल्या गेलेल्या हर्क्युलेनियम नगरीतील एका भित्तिचित्रात मेजावर काम करणारे बालदेव दाखविले असून त्यात असा आकडा दिसतो. इंग्लंडमध्ये जोसेफ मॉक्सन याने १६७८ मध्ये सुतारकामावर जे लिहिले त्यात होल्डफास्टचे वर्णन आहे. फ्रान्समध्ये आंद्रे-झाकोब रूबो याच्या १७६९ ते १७७४ या काळात प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात मेजाची फळी पाच-सहा इंच जाड असावी असे सांगितले आहे. अशा फळीस साहजिकच मोठ्या पल्ल्याचे आकडे लागत. फ्रेंच कारागीर या आकड्यास जे नाव देतात त्याचा अर्थ ‘चाकर’ असा होतो. सांगितल्याबरोबर धरणारा व सांगितल्याबरोबर सोडणारा, म्हणून हे नाव शोभून दिसते.

येथे एक गोष्ट नमूद केली पाहिजे. युरोपातही मेज सर्वत्र उंच नव्हते. जर्मनीतील साल्बुर्ग येथील रोमन ठाण्याच्या विहिरीत मिळालेले मेज बसक्या उंचीचे आहे. अशा मेजावर कारागीर स्वतः बसून वा गुडघा टेकून शरीराच्या भाराने लाकूड धरी. जपानात तर उत्कृष्ट सांधेकाम करणाऱ्या सुतारांनी जमिनीलगतच्या तुळईवर, पायाचा उपयोग करून, शतकानुशतके काम केले. तेव्हा जमीन, बसके मेज, उंच मेज अशी प्रगतीची एकच शिडी कल्पून हिंदुस्थानी सुतारास तिच्या खालच्या पायरीवर बसविणे इतिहासास धरून नाही.

बलुतेदार सुतार आणि जमीन

महाराष्ट्रातील गावसुतार हा बलुतेदार. त्रिंबक नारायण आत्रे यांनी ‘गावगाडा’ (१९१५) या ग्रंथात ज्या ग्रामव्यवस्थेचे विवेचन केले तीत सुताराचे काम नांगर, कुळव, पाभर, जू यांसारखी औते घडविणे व दुरुस्त करणे हे होते आणि त्याचा मोबदला सुगीस धान्याच्या रूपाने मिळे. हे काम पुष्कळदा कुणब्याच्या खळ्यात, गोठ्यापुढे किंवा झाडाखाली होई. हत्यारांची पिशवी काखोटीस मारून सुतार तेथे जाई. ज्याचे कामाचे ठिकाण रोज बदलते त्याने दोन-तीन मण वजनाचे मेज बाळगावे ही अपेक्षाच विसंगत होय.

याशिवाय हत्यार आणि बैठक यांचा मेळ पाहावयास हवा. गावसुताराचे प्रमुख हत्यार वाकस. त्याचा घाव वरून खाली येतो आणि तो सोसण्यास जमिनीवरचा ओंडका हाच सर्वांत भक्कम आधार. वेज पाडताना सुतार लाकडावरच बसतो; त्याच्या शरीराचा भार हाच आकडा. लहान तुकडा पायाच्या तळव्याखाली किंवा अंगठा व बोट यांच्या बेचक्यात धरला जातो आणि क्षणात फिरविता येतो. प्रत्येक वेळी ठोकून बसविण्या-सोडविण्याचा वेळ वाचतो. जेथे शरीराचे बळ पुरत नाही तेथे खुंटी व पाचर उपयोगास येतात : दोन खुंट्यांमध्ये लाकूड ठेवून पाचर ठोकली की ते जखडते. तत्त्वतः पाचर आणि होल्डफास्ट ही सख्खी भावंडे आहेत. दोन्ही ठोक्याने घट्ट होतात, ठोक्याने सुटतात व घर्षणावर जगतात.

या पद्धतीस मर्यादा होत्या, हे नाकारण्याचे कारण नाही. रंध्याचे काम आडव्या रेट्याचे असते. रुंद फळी लांब पल्ल्याने रंधावयाची असेल तर उभे राहून पायांचे बळ लावणे फायद्याचे ठरते. पेट्या, कपाटे, खुर्च्या यांसारख्या सपाट पृष्ठभागांच्या कामास मेज खरोखरच उपयुक्त आहे. परंतु नांगर आणि गाडी यांस सपाट पृष्ठभागाची फारशी गरज नसते. गरज नव्हती म्हणून साधन नव्हते; अक्कल नव्हती म्हणून नव्हे.

पनवेलचे चाक

या विवेचनास पनवेलचे उदाहरण विशेष पोषक आहे. मुंबईहून देशावर जाणारा प्रवासी व माल रेल्वेपूर्वी गलबताने पनवेल बंदरात उतरे व तेथून बोरघाट चढून पुण्यास जाई. १८३० मध्ये घाटातून गाडीरस्ता खुला झाल्यावर पनवेलचे महत्त्व वाढले. १८५२ मध्ये तेथे नगरपालिका स्थापन झाली. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील सरकारी गॅझेटियरांत गाडीची चाके बनविणे हा पनवेलचा नावाजलेला धंदा म्हणून नोंदला गेला आहे. घाटाच्या पायथ्याचे बंदर, मागे सागाचे व तिवसाचे रान आणि समोर गाड्यांची वर्दळ, या तिन्हींच्या संगमातून हा धंदा वाढला असल्यास नवल नाही. १८६३ मध्ये बोरघाटातून रेल्वे सुरू झाली आणि पुण्याची मोठी वाहतूक पनवेलला वगळून जाऊ लागली. तरी आसपासच्या शेतीस व रस्त्यांस लागणाऱ्या चाकांची मागणी त्यामुळे संपली नाही.

चाक ही सुतारकामातील अवघड वस्तूंपैकी एक. मध्ये तुंबा, त्यात ठोकून बसविलेले आरे, आऱ्यांच्या टोकांवर पाटे व या सर्वांस आवळणारी लोखंडी धाव. आरे तुंब्यात किंचित कललेले बसवावे लागतात. वेजांचा कल एका आऱ्यास चुकला तर सारे चाक डुलते. असे अचूक काम पनवेलच्या परिसरात उंच मेजाच्या परंपरेवाचून होत आले, ही गोष्ट मेजाच्या अभावास अकुशलतेचा पुरावा मानणाऱ्यांस विचारात घ्यावी लागेल. तुंबा हा स्वतःच जड व गोल ठोकळा. तो जमिनीत खळगा करून किंवा पाचरींनी जखडून स्थिर करता येतो. पुढे आरे बसू लागले की वाढत जाणारे चाक स्वतःचाच आधार बनते.

धाव बसविण्याची क्रिया तर धरण्याच्या कलेचा कळसच म्हणावी लागेल. धाव चाकाच्या घेरापेक्षा मुद्दाम किंचित लहान करतात. गोवऱ्यांच्या वर्तुळाकार आगीत ती तापवून फुगवितात, गरम असतानाच चाकावर चढवितात आणि पाणी ओतून आवळवितात. चार फूट व्यासाच्या चाकाचा घेर सुमारे १५१ इंच. लोखंडाचे तापमान ५०० अंश सेल्सियसने वाढविल्यास त्या घेरात सुमारे ०.९ इंचाची वाढ होते. एवढ्याच फरकाच्या जोरावर धाव, पाटे, आरे व तुंबा हे सारे एकजीव होतात. येथेही मळसूत्र नाही. धातू व लाकूड यांच्या स्वभावाचा नेमका अंदाज हेच येथील शिकंज्याचे काम करतो. सुतार व लोहार यांनी एकत्र येऊनच हे काम करावयाचे असल्याने या धंद्यात दोन बलुत्यांचे सहकार्य अंगभूत होते, हेही लक्षणीय आहे.

गोदी आणि रेल्वेचे कारखाने

खाडीच्या पलीकडे मुंबईत निराळी परिस्थिती होती. सुरतेहून आलेल्या लवजी नसरवानजी वाडिया यांच्या घराण्याने मुंबईच्या गोदीत पिढ्यान्‌पिढ्या जहाजे बांधली. जमशेटजी बमनजी वाडिया यांच्या कारकीर्दीत १८१७ मध्ये पाण्यात सोडलेले ‘त्रिंकोमाली’ हे सागवानी लढाऊ जहाज आज इंग्लंडमध्ये हार्टलपूल येथे जतन केलेले आहे. इंग्रजी आरमारास पुरविलेल्या या जहाजांनी हिंदुस्थानी सुतारांच्या कौशल्याबद्दलचा वाद प्रत्यक्ष व्यवहारात निकालात काढला होता.

परंतु जहाजाच्या बांधणीत मेजाचा संबंध मर्यादित असतो. कण्याचे व वासांचे प्रचंड लाकूड स्वतःच्या वजनानेच स्थिर राहते आणि कारागीर त्याभोवती फिरतो. मेज लागते ते आतील खोल्या, दारे, पेट्या यांच्या बारीक कामास. इंग्लंडमध्ये या दोन कामांचे कारागीरही वेगळे मानले जात व त्यांच्यासाठी दोन स्वतंत्र शब्द होते. मराठीत दोघेही सुतारच. तेव्हा इंग्रज निरीक्षकाने आपल्या देशातील बारीक काम करणाऱ्या कारागिराचे मेज डोळ्यांपुढे ठेवून येथील औतसुताराकडे पाहिले, आणि तुलना मुळातच चुकली.

उंच मेज मोठ्या प्रमाणावर रूढ होण्यास रेल्वेचे कारखाने अधिक कारणीभूत झाले असले पाहिजेत. १८५३ मध्ये बोरीबंदर ते ठाणे हा मार्ग सुरू झाला, १८७९ मध्ये परळ येथे व १९१५ मध्ये माटुंगा येथे ग्रेट इंडियन पेनिन्सुला कंपनीचे कारखाने उभे राहिले. त्या काळी डब्यांची शरीरे लाकडी असत. एकाच मापाचे शेकडो भाग घडविणाऱ्या, घड्याळाच्या ठोक्यावर चालणाऱ्या या कामात प्रत्येक मजुराची जागा ठरलेली असणे आवश्यक होते. मेजामुळे ती ठरते. म्हणजे मेज हे केवळ लाकूड धरण्याचे साधन राहिले नाही. कारखान्याच्या शिस्तीचेही ते साधन बनले.

शाळा आणि शेगडा

औद्योगिक शिक्षणाचा इतिहास याच काळातील. मुंबईची जमशेटजी जीजीभाई कलाशाळा १८५७ ची, व्हिक्टोरिया जुबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट १८८७ ची, आणि बडोद्याचे कलाभवन १८९० चे. कलाभवनाचे प्रवर्तक त्रिभुवनदास कल्याणदास गज्जर हे स्वतः सुतार ज्ञातीत जन्मलेले रसायनशास्त्रज्ञ होते, आणि देशी भाषेतून धंदेशिक्षण द्यावे असा त्यांचा आग्रह होता. १९३७ च्या वर्धा शिक्षणयोजनेत हस्तोद्योगास शिक्षणाचे माध्यम मानले गेले, तर १९५० पासून औद्योगिक प्रशिक्षण संस्थांमधून सुतारकाम हा रीतसर व्यवसायक्रम झाला.

या संस्थांतील मेजावर जे साधन आले ते होल्डफास्ट नव्हे, तर मळसूत्राचा लोखंडी शेगडा. त्याची कारणे उघड आहेत. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ओतीव लोखंडाचे शेगडे कारखान्यांतून स्वस्तात तयार होऊ लागले. खुद्द युरोपातही त्यांच्यापुढे होल्डफास्ट मागे पडला होता. हिंदुस्थानात युरोपीय मेज आले ते अशा वेळी. परिणामी, पाचरीच्या तत्त्वावर चालणारा, गावच्या लोहारास एका गजातून घडविता येण्याजोगा आणि येथील कारागिराच्या सवयीस सर्वांत जवळचा असा जो आकडा, तोच वगळला गेला. आणि विकत घ्यावयाचे, तुटल्यास गावात दुरुस्त न होणारे यंत्र आदर्श ठरले. विद्यार्थी शाळेतून शेगड्यावर शिकून बाहेर पडला की त्याच्यापाशी शेगडा नसे, आणि वडिलांची बैठक तो विसरलेला असे. धंदेशिक्षण व धंदा यांतील जी दरी पुढे वारंवार चर्चिली गेली तिचे एक लहानसे मूळ येथे आहे.

शब्दाचा प्रवास

होल्डफास्ट हे साधन येथे रुजले नाही. शब्द मात्र रुजला. आज नवी मुंबईतील कोणत्याही बांधकामावर हा शब्द ऐकू येतो, पण निराळ्या अर्थाने. दाराची चौकट भिंतीत पक्की करण्यासाठी तिच्या पाठीस ज्या लोखंडी पट्ट्या जोडतात व ज्यांची फाकविलेली टोके काँक्रीटमध्ये गाडली जातात, त्यांस गवंडी आणि सुतार होल्डफास्ट म्हणतात. सामान्यतः चौकटीच्या प्रत्येक बाजूस तीन, म्हणजे एका दारास सहा, असा प्रघात आहे. मूळ इंग्रजीत या शब्दास दोन्ही अर्थ होते. सरकारी बांधकामाच्या दरपत्रकांतून व ठेकेदारांच्या बोलीतून एक अर्थ आला, दुसरा वाटेत राहिला. कोणता शब्द कोणत्या अर्थाने टिकला यावरून काम कोणत्या दिशेस वळले हे कळते. सुताराचे काम वस्तू घडविण्याकडून इमारतीस दारे बसविण्याकडे वळले होते.

१९७० मध्ये सिडकोची स्थापना झाली व ठाणे, पनवेल आणि उरण तालुक्यांतील ९५ गावांच्या जमिनींवर नवे शहर उभे राहू लागले. त्यापूर्वीच रबरी धावेने आणि मोटारीने लाकडी चाकाची मागणी घटविली होती. आता भातशेती, मिठागरे व त्यांना लागणारी औतेही अनेक ठिकाणी नाहीशी झाली. औताबरोबर औतसुताराचा आधार गेला. भरपाईचे हिशेब जमिनीच्या मापाने झाले. जमीन ज्याच्या नावे नव्हती पण जमिनीच्या कामावर ज्याचे बलुते अवलंबून होते, त्याच्या कौशल्याचे मोजमाप त्या हिशेबात बसणारे नव्हते.

आता या शहरातील घरांत लाकडाची जागा पुष्कळ अंशी प्लायवूडने व दाबीव तक्त्यांनी घेतली आहे. कपाटे करणारे कारागीर अनेकदा परप्रांतांतून येतात व घराच्या फरशीवरच काम करतात. हातात विजेची करवत असते आणि तक्ता मात्र पायाने वा गुडघ्याने दाबलेला असतो. कारागीर फिरता आहे व कामाची जागा दर महिन्यास बदलते, म्हणून मेज पुन्हा गैरसोयीचे ठरले आहे. बैठक जातीची नव्हे, कामाच्या रचनेची असते, याचे याहून स्पष्ट प्रमाण नको. मात्र एक फरक गंभीर आहे. वाकसाच्या कामात पायाची पकड हत्याराच्या गतीशी जुळलेली होती. वेगाने फिरणाऱ्या पात्याशी ती जुळत नाही. जुनी रीत नव्या हत्यारासह वापरली जात आहे, आणि तिचा धोका कारागिराच्या बोटांस सोसावा लागतो. चार पायांचे हलके मेज, जाड पट्टीत पाडलेली सहा-आठ भोके आणि दोन आकडे एवढ्यानेही हा धोका पुष्कळ कमी होईल.

समारोप

वरील विवेचनावरून तीन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली ही की, लाकूड धरण्याच्या रीती या प्रगतीच्या पायऱ्या नसून कामाच्या स्वरूपास दिलेली निरनिराळी उत्तरे आहेत. दुसरी अशी की, तंत्राचे संक्रमण होताना नेहमीच सर्वांत योग्य साधन येते असे नाही. आणणाऱ्याच्या बाजारात त्या वेळी जे असते ते येते. होल्डफास्टचे वगळले जाणे हे त्याचे उदाहरण होय. तिसरी गोष्ट अभ्यासपद्धतीविषयी आहे. बलुत्याच्या कागदांत सुताराच्या वाट्याचे धान्य नोंदलेले असते, त्याने लाकूड कसे धरले हे नोंदलेले नसते. ती नोंद खुंटीवर, पाचरीवर, ओंडक्यावरील घावांच्या खुणांत आणि वृद्ध कारागिरांच्या हातापायांच्या सवयीत आहे. पनवेल, उरण व ठाणे येथील जुनी अवजारे त्यांच्या वापराच्या वर्णनासह गोळा करणे, त्यांची मापे घेणे आणि ती वापरणाऱ्यांच्या बैठकीची छायाचित्रे घेणे हे काम विद्यापीठांच्या इतिहास विभागांनी हाती घेण्याजोगे आहे. लाकडी अवजार हे कागदापेक्षाही लवकर नष्ट होते, कारण निरुपयोगी झाल्यावर त्याचे सरपण होते.